मुंजीतल्या खुणा कोणत्या गोष्टीच्या आहेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलाला आठवे लागले आहे, वैशाखात मुंज ठरली आहे. गुरुजी सांगतील तसे करूच. पण गवताची दोरी, पळसाचा दंड, आईबरोबरचे जेवण, अंतरपाट, शालीखालचा उपदेश यांचा मुळात अर्थ काय? शोधायला गेले की जानव्याने दबणाऱ्या नसा आणि मंत्राची कंपने एवढेच वाचायला मिळते. त्यातले मूळचे कोणते, मागाहून चिकटलेले कोणते, आणि प्रत्यक्ष करताना काय सांभाळायचे?

नसा आणि कंपने आधी बाजूला काढू. मुंजीच्या अर्थाचे तीन थर आहेत. पहिला खुद्द मंत्रांत आणि ब्राह्मणग्रंथांत (वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या ग्रंथांत) लिहिलेला. दुसरा स्मृतिकारांनी, टीकाकारांनी पुढे घातलेला. तिसरा अलीकडचा, ‘वैज्ञानिक कारण’ या नावाचा. या तिसऱ्याला सूत्रांत (संस्कारांचे विधी सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांत) कसलाही आधार नाही आणि त्याची गरजही नाही, कारण पहिल्या थरात अर्थ इतका उघड सांगितला आहे की शोधावा लागत नाही, फक्त मंत्र कुठे काय म्हणतो ते ऐकावे लागते.

उपनयन म्हणजे जवळ नेणे. किती जवळ? अथर्ववेदाच्या ब्रह्मचर्यसूक्तात (११.५.३) म्हटले आहे: ‘आचार्य उपनयमानो ब्रह्मचारिणं कृणुते गर्भमन्तः’. आचार्य त्या मुलाला आपल्या आत गर्भ करतो, तीन रात्री उदरात वागवतो, आणि तो जन्मला की त्याला पाहायला देव गोळा होतात. शतपथ ब्राह्मण (११.५.४) हेच पुढे नेते: शिष्याच्या अंगावर उजवा हात ठेवून आचार्य गर्भवान होतो आणि तिसऱ्या रात्री सावित्रीसह (सवित्याच्या मंत्रासह, आपण ज्याला गायत्री मंत्र म्हणतो) त्या मुलाचा जन्म होतो. म्हणजे ‘द्विज’ शब्दातला दुसरा जन्म अलंकारापुरता नाही. गर्भधारणा, वार, नाळ, प्रसूती, नाव विचारणे, पहिले अन्न असा पूर्ण क्रम विधीत मांडला आहे. तुमच्या बहुतेक खुणा या एका चौकटीत बसतात.

ही चौकट मुंजीने यज्ञातल्या दीक्षेबरोबर वाटून घेतली आहे. सोमयागाच्या (सोमरसाच्या यज्ञाच्या) यजमानाला दीक्षा देतात तेव्हा ऋत्विज (यज्ञ चालवणारे पुरोहित) त्याला पुन्हा गर्भ करतात, असे ऐतरेय ब्राह्मण (१.३) म्हणते आणि एकेक वस्तूचा खुलासा करते. त्याला लोणी लावतात, कारण तूप माणसांचे पण लोणी गर्भांचे. दर्भाच्या २१ जुड्यांनी त्याला शुद्ध करतात. ज्या मांडवात बसवतात तो त्याची योनी. अंगावरचे वस्त्र म्हणजे गर्भाभोवतीचे पातळ वेष्टन, वरचे काळविटाचे कातडे म्हणजे वार. मुठी मिटून बसवतात, कारण गर्भ मुठी मिटून असतो आणि मूल मुठी मिटूनच जन्मते. हे डोळ्यांपुढे ठेवून मुंजीकडे पाहिले की नवे वस्त्र, अजिन (कातडे), मेखला (कमरेची गवताची दोरी), झाकून घेणे हे सगळे ओळखीचे वाटू लागते.

आता तयारीतली पहिली गोष्ट, जी बहुतेक घरांत राहून जाते: आपले सूत्र कोणते ते ठरवा. महाराष्ट्रात ऋग्वेदी घरे आश्वलायन गृह्यसूत्राने चालतात, माध्यंदिन यजुर्वेदी पारस्कराने, तर कोकणस्थांत हिरण्यकेशी घरे पुष्कळ आहेत. गोव्या-कोकणातली सारस्वत घरे बहुतेक आश्वलायनाची. मंत्र, क्रम, कधी कधी वस्तूसुद्धा बदलतात. दगडावर उजवा पाय ठेवायला लावून ‘दगडासारखा स्थिर हो’ म्हणण्याचा विधी हिरण्यकेशी आणि आपस्तंबांच्या मुंजीत आहे. आश्वलायनात तो लग्नात येतो, मुंजीत नाही. शेजारच्या मुंजीत दगड होता, आपल्याकडे का नाही, अशी तक्रार गुरुजींकडे करू नका. उलट, गुरुजी स्वतः वेगळ्या सूत्राचे असतील तर ते तुमच्या सूत्राची पोथी घेऊन बसणार आहेत ना, हे महिनाभर आधी विचारा. आयत्या वेळी दोन प्रयोगांची (विधी करण्याच्या पद्धतींची) सरमिसळ होते आणि मग काही मंत्र दोनदा येतात, काही एकदाही नाही.

वयाचा आकडा हीच एक खूण आहे. आश्वलायन ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे, वैश्याला बारावे वर्ष सांगतो. गायत्री छंदाच्या एका पादात ८ अक्षरे, त्रिष्टुभाच्या ११, जगतीच्या १२. पारस्कर तर तिघांना त्या त्या छंदातली सावित्री सांगतो, आणि लगेच ‘किंवा सर्वांना गायत्रीच’ अशी मुभाही देतो. उशिराची मर्यादा १६, २२ आणि २४ वर्षे, म्हणजे हेच आकडे दुप्पट. ती ओलांडली की तो ‘पतितसावित्रीक’ (सावित्रीचा हक्क गमावलेला), व्रात्य. मग आधी प्रायश्चित्त. १६७४ मध्ये राज्याभिषेकापूर्वी गागाभट्टांनी शिवाजी महाराजांची मुंज लावली तेव्हा महाराज ४४ वर्षांचे होते, आणि प्रायश्चित्ताचा विधी आधी करावा लागला तो या नियमामुळेच. आठवे वर्ष गर्भापासून मोजायचीही परवानगी सूत्रात आहे, त्यामुळे सात पूर्ण झालेल्या मुलाची मुंज ‘लवकर’ होत नाही. वैशाखाची निवडही योग्यच. ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म, वैश्याला शरद असे आपस्तंब सांगतो.

मुलींचे काय, असे पुढचा प्रश्न येतोच म्हणून इथेच. गोभिल गृह्यसूत्रात लग्नाच्या प्रसंगी वधूला ‘यज्ञोपवीतिनी’ म्हटले आहे, आणि हारीताने स्त्रियांचे ब्रह्मवादिनी (वेद शिकणारी) व सद्योवधू (थेट लग्न करणारी) असे दोन प्रकार सांगून पहिलीला उपनयन दिले आहे. मनूने मात्र विवाहालाच स्त्रीचे उपनयन ठरवून ती वाट बंद केली. मुलीची मुंज करणाऱ्यांना परंपरेत आधार नाही असे म्हणता येत नाही.

पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, ग्रहमख हे कोणत्याही मंगलकार्याचे असते, त्यावर थांबत नाही. मुंजीचे खास सुरू होते ते चौलापासून. चौल मुळात तिसऱ्या वर्षीचे. हल्ली मुंजीच्या सकाळीच उरकतात. गार आणि ऊन पाणी एकत्र करून केस भिजवायचे, केसांजवळ दर्भ धरून ‘ओषधे त्रायस्वैनम्’ (वनस्पते, याला राख) आणि वस्तऱ्याला ‘स्वधिते मैनं हिंसीः’ (पात्या, याला दुखवू नकोस) असे म्हणायचे. आश्वलायनात उजवीकडे चार वेळा, डावीकडे तीन वेळा कापणे आहे. कापलेले केस बैलाच्या शेणात शमीच्या पानांसह ठेवतात. प्रत्यक्षात गडबड होते ती अशी: न्हावी आधीच घेरा आणि शेंडी राखून मोकळा झालेला असतो आणि गुरुजी नंतर उरलेल्या केसांवर मंत्र म्हणतात. न्हाव्याला आधी सांगून ठेवा की सात बटा मंत्राबरोबर वडील कापतील, मग त्याने हात लावायचा.

मग मातृभोजन. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, सोबत अष्टवर्गाचे आठ मुंजे (मुंज झालेले) बटू. हा आईच्या ताटातला शेवटचा घास. यापूर्वी मूल वाटेल तसे वागते, बोलते, खाते. धर्मशास्त्रात त्याला कामाचार, कामवाद, कामभक्षण असे शब्द आहेत आणि मुंजीपर्यंत ते चालते. पहिल्या जन्माचे खाते इथे बंद होते. म्हणूनच हे जेवण मुहूर्ताच्या आधी व्हायला हवे. सभागृहाच्या वेळेत बसत नाही म्हणून ते नंतरच्या पंगतीत ढकलतात, तेव्हा बटू आधी ब्रह्मचारी होतो आणि मग आईच्या ताटात जेवतो: अर्थ नेमका उलटा. वेळ नसेल तर दोन घास वरणभात पुरतो, पण जागा बदलू नका. मुलाच्या पोटाच्या दृष्टीनेही हेच शहाणपणाचे. पुढचे दोन-अडीच तास होमाच्या धुरात बसायचे असते.

स्नान, लंगोटी, मग अंतरपाट आणि मंगलाष्टके. अंतरपाट सूत्रांत नाही, लग्नासारखाच प्रयोगात आलेला आहे. पण बसला मात्र चपखल. पडद्याच्या एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला वडील. पडदा निघतो तेव्हा तेच वडील आता आचार्य असतात. नाते बदलल्याची ही खूण आहे, म्हणून अंतरपाटाच्या वेळी आजी-आत्यांनी मुलाला हसवत ठेवण्यापेक्षा त्याला समोर पाहू द्यावे.

यानंतर होमाजवळची खरी मांडणी. मुंजीच्या अग्नीचे नाव समुद्भव, नावातच उगम आहे. अग्नीच्या उत्तरेला आचार्य पूर्वेकडे तोंड करून, त्याच्या समोर बटू पश्चिमेकडे तोंड करून. वस्त्र ‘अहत’ हवे, म्हणजे कोरे, न धुतलेले. गर्भावरचे वेष्टन आधी कोणी वापरलेले नसते. रंगीत नेसवायचे तर ब्राह्मणाला काषाय, क्षत्रियाला मंजिष्ठाचा लाल, वैश्याला हळदी. पेशवाई पगडी आणि जरीची शेरवानी रात्रीच्या भिक्षावळीला घाला. या क्षणी नको.

अजिनाबद्दल स्पष्टच सांगतो. सूत्रात ब्राह्मणाला काळविटाचे, क्षत्रियाला रुरू नावाच्या हरणाचे, वैश्याला बोकडाचे कातडे आहे. शतपथाने काळविटाच्या पांढऱ्या-काळ्या केसांत ऋक् आणि साम पाहिले, म्हणजे कातडे पांघरणे हे वेद पांघरणे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली काळवीट पूर्ण संरक्षित आहे, आणि पूजासाहित्याच्या दुकानात ‘हरणाचे कातडे’ म्हणून जानव्यात ओवायचा तुकडा मिळतो तो एकतर बेकायदा असतो किंवा खोटा. घेऊ नका. सूत्राने वस्त्राचा मार्ग आधीच दिला आहे. काषाय उपरणे पुरे.

आता मेखला, जिच्यावरून मराठीत अख्ख्या संस्काराला ‘मुंज’ नाव पडले. मुंज हे शराच्या जातीचे उंच गवत. ब्राह्मणाला मुंजाची, क्षत्रियाला धनुष्याची दोरी, वैश्याला लोकरीची (मनूच्या मते तागाची). मुंज मिळाले नाही तर कुश (दर्भ), अश्मंतक किंवा बल्वज चालते असे मनू सांगतो, त्यामुळे दर्भाची मेखला केल्यास काही बिघडत नाही. काथ्याची किंवा नायलॉनची दोरी मात्र नको. बाजारात ‘मेखला’ म्हणून मिळते ती पुष्कळदा काथ्याचीच असते. ती तिपेडी, सारख्या जाडीची आणि गुळगुळीत हवी. आठ वर्षांच्या मुलाची कंबर साधारण ५५ सेंटीमीटर धरली तर तीन वेढे आणि गाठ मिळून दोन मीटर लागते. दुकानातली बहुधा दीड मीटरची असते. मग दोनच वेढे बसतात आणि तिसरा दोऱ्याने जोडावा लागतो. आदल्या रात्री ती पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा. कोरड्या गवताची टोके अंगाला बोचतात आणि गाठ मारताना पेड तुटतो. वेढे डावीकडून उजवीकडे, प्रदक्षिण. गाठी प्रवराइतक्या (प्रवर म्हणजे गोत्राबरोबर सांगायची ऋषींची नावे): त्रिप्रवराला तीन, पंचप्रवराला पाच.

मेखलेचा अर्थ मंत्रच सांगतो. ‘वाईट बोलण्यापासून राखणारी, प्राण आणि अपानाला बळ देणारी ही भाग्यवती देवी, आपली बहीण, आली आहे.’ अथर्ववेद (६.१३३) तिला श्रद्धेची मुलगी, तपातून जन्मलेली आणि ऋषींची बहीण म्हणतो. गवताच्या दोरीला बहीण म्हणणे मला सगळ्या मुंजीत सर्वांत सुंदर वाटते. घर सोडून गुरूकडे जाणाऱ्या पोराबरोबर जाणारी ती एकटी नातेवाईक. तिला कोणी नाळ म्हणते, आणि गर्भाच्या चौकटीत ते शोभते; पण मंत्रात तो शब्द नाही, एवढे लक्षात ठेवा.

दोरीचा दुसरा अर्थ त्याहून खोल आहे. वस्त्र नेसवून, वेढून झाल्यावर आश्वलायनात आचार्य बटूला प्रदक्षिण फिरवतो आणि ‘युवा सुवासाः परिवीत आगात्, स उ श्रेयान्भवति जायमानः’ हा मंत्र म्हणतो: तरुण, चांगले वस्त्र नेसलेला, वेढलेला असा हा आला, जन्मताना तो अधिक श्रेष्ठ होतो. ‘जायमान’ शब्दामुळे मंत्र मुंजीसाठीच रचला असावा असे वाटते. पण ऋग्वेदात (३.८.४) तो मुलाला उद्देशून नाही. तो यूपाला, म्हणजे यज्ञात पशू बांधायच्या खांबाला उद्देशून आहे. त्या खांबाला वस्त्र आणि गवताची दोरी गुंडाळलेली असते. झाडाचा जंगलातला जन्म संपतो आणि तासून, दोरीने वेढून तो यज्ञाचा खांब म्हणून पुन्हा जन्मतो. मुलाचे केस उतरवले आहेत, कोरे वस्त्र नेसवले आहे, कमरेला तीन वेढे आहेत, हातात दंड आहे. सूत्रकाराने तो मंत्र उचलून इथे ठेवला तेव्हा त्याला हे साम्य दिसत होते. गुरुजींना या मंत्राशी क्षणभर थांबून मराठीत अर्थ सांगायची विनंती करा. सगळ्या मुंजीत एकच मंत्र समजावून घ्यायचा असेल तर हा घ्या.

दंड पळसाचा (क्षत्रियाला उंबराचा, वैश्याला बेलाचा), सालीसह, सरळ, न जळलेला. उंची ब्राह्मणाच्या केसांपर्यंत, क्षत्रियाच्या कपाळापर्यंत, वैश्याच्या नाकापर्यंत. ही उंची त्या मुलाचीच. दुकानातले दंड सर्वांना एकाच मापाचे असतात, तेव्हा मुलाला उभे करून मोजा आणि खालून कापा. बारीक फांदीला वर शोभेचा झेंडा लावला की ती वाकते आणि बटू पळसाचा दंड धरून नव्हे, सावरून चालतो.

जानव्याकडे आता येतो, आणि मुद्दाम उशिरा. आश्वलायन सूत्रात मुंजीच्या ठिकाणी जानवे घालण्याची आज्ञाच नाही. ‘उपवीत’ ही मुळात उपरणे घ्यायची पद्धत: डाव्या खांद्यावरून, उजव्या हाताखालून. तैत्तिरीय संहिता सांगते की निवीत (गळ्यात माळेसारखे) माणसांचे, प्राचीनावीत (उजव्या खांद्यावरून) पितरांचे, उपवीत देवांचे. आपस्तंबाचे धर्मसूत्र म्हणते, उत्तरीय नेहमी असावे, किंवा त्याऐवजी नुसते सूत्र चालेल. त्या ‘किंवा’तून जानवे वाढले आणि पुढे उपरण्यालाच विसरायला लावून बसले. म्हणून जानव्याचा खरा अर्थ त्याच्या धाग्यांत कमी आणि ते कोणत्या खांद्यावर आहे यात जास्त आहे: मी आत्ता देवकार्यात आहे, की पितृकार्यात, की व्यवहारात.

धाग्यांची गणिते दुसऱ्या थरातली, पण मुलाला शिकवायला छान. तीन पदर, प्रत्येक पदरात तीन तंतू, एकूण नऊ. त्या नऊ तंतूंवर ओंकार, अग्नी, नाग, सोम, पितर, प्रजापती, वायू, सूर्य आणि विश्वेदेव. चार बोटांभोवती ९६ वेढे, आणि ९६ का याचा हिशेब असा लावतात: तिथी १५, वार ७, नक्षत्रे २७, तत्त्वे २५, वेद ४, गुण ३, काळ ३, महिने १२. बेरीज जुळते. ती जुळवलेली आहे हेही दिसते. कामाचा नियम लांबीचा: जानवे पाठीच्या कण्यावरून आणि नाभीवरून जाऊन कमरेशी पोचावे, त्याहून वर नको, खाली लोंबायला नको. मोठ्यांच्या मापाचे तयार जानवे आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर येते, धोतरात अडकते आणि तिसऱ्या दिवशी तो काढून ठेवतो. मुलाच्या बोटांनी मोजून करून घ्या. ब्रह्मचाऱ्याला एकच; दोन गृहस्थाला.

अंजलिपूरण हा गर्भाचा भाग परत आणतो. आचार्य स्वतःच्या ओंजळीतले पाणी बटूच्या ओंजळीत ओततो, मग त्याचा अंगठ्यासकट हात धरतो. मंत्रात हात धरणारा वडील नसतोच: सविता, अश्विनीकुमार, पूषा यांचे हात असतात, आणि शेवटी ‘अग्नी तुझा आचार्य’. मग सूर्याकडे पाहायला लावून: ‘देवा सवितृ, हा तुझा ब्रह्मचारी, याला राख, हा मरू नये.’ सभागृहाला खिडकी नसेल तर या क्षणी मुलाला खरेच दारापर्यंत न्या. छताकडे बघून सूर्य दिसत नाही. शतपथात आचार्य विचारतो ‘को नामासि’, तुझे नाव काय? ‘कः’ हे प्रजापतीचेही नाव, त्यामुळे प्रश्नातच उत्तर आहे. आणि नाव विचारायचे ते नुकत्याच जन्मलेल्याला.

मग बटूच्या खांद्यांवरून हात नेऊन आचार्य त्याच्या हृदयाला स्पर्श करतो. सावित्रीनंतर पुन्हा हृदयावर हात ठेवून ‘मम व्रते हृदयं ते दधामि’: माझ्या व्रतात तुझे हृदय ठेवतो, तुझे चित्त माझ्या चित्तामागे येवो, बृहस्पती तुला माझ्याशी जोडो. पारस्कराच्या लग्नात वर हाच मंत्र वधूला म्हणतो, फक्त बृहस्पतीच्या जागी प्रजापती. दोन्ही ठिकाणी परके माणूस आपले होते.

समिधा पळसाच्या, वीतभर, अंगठ्याहून बारीक, साल असलेल्या, न किडलेल्या. ब्रह्मचर्यसूक्तात एक समिधा पृथ्वी, दुसरी द्युलोक आणि तिसरीने अंतरिक्ष भरते. ओल्या समिधांनी धूर होतो आणि मुलाचे डोळे चुरचुरतात. आठवडाभर सावलीत वाळवलेल्या घ्या. अग्नीवर हात शेकून तो तीनदा तोंडावरून फिरवायचा, ‘तेजाने मला माखतो’ म्हणत. मुलांना हे फार आवडते, घाई करू नका.

सावित्री (ऋग्वेद ३.६२.१०) हा जन्माचा क्षण. बटू गुडघे टेकून म्हणतो, ‘अधीहि भोः, सावित्रीं भो अनुब्रूहि’. मागितल्याशिवाय ती द्यायची नसते, म्हणून हे वाक्य त्याने स्वतः म्हणणे मंत्र पाठ असण्याइतकेच महत्त्वाचे. सूत्रात आचार्य बटूचे हात त्याच्याच वस्त्राने झाकून आपल्या हातांत धरतो. डोक्यावरून शाल घेण्याची आपली चाल त्याच झाकण्याची वाढलेली आवृत्ती आहे. उपदेश आधी एकेक पाद, मग अर्धी ऋचा, मग पूर्ण, आणि ‘यथाशक्ति’: जेवढे जमेल तेवढे त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. शतपथाच्या काळी आधी वर्षभर थांबत, गर्भ जितका काळ असतो तितका. मग सहा महिने, चोवीस, बारा, सहा, तीन दिवस, आणि ब्राह्मणाला तत्काळ, असे ते कमी होत आले. आपण फक्त शेवटचे टोक पाळतो.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. गुरुजींच्या सदऱ्याला लावलेला माइक चालू राहतो आणि शालीखालचा उपदेश जेवणाच्या हॉलपर्यंत पोचतो. छायाचित्रकार शालीत कॅमेरा घालतो. गर्भाला झाकण असते, ते काढून टाकले की उरते पाठांतर. माइक बंद करायला एका माणसाला नेमूनच ठेवा. वडिलांनी मंत्र आठवडाभर आधी घोकावा. ‘धियो’ ऱ्हस्व, ‘यो नः’ तोडून आणि विसर्गासह, ‘प्रचोदयात्’चा शेवट हलन्त, ‘यात’ असा लांबवायचा नाही. पहिल्या पादात सातच अक्षरे भरतात, म्हणून तिला निचृद् गायत्री म्हणतात. छंद मोजताना ‘वरेणियम्’ असा उच्चार धरला की चोवीस पुरी होतात.

जन्मलेल्याला पहिली आज्ञा मिळते: तू ब्रह्मचारी आहेस, पाणी पी, काम कर, दिवसा झोपू नकोस, आचार्याच्या अधीन राहून वेद शीक. आणि पहिले अन्न मागून. भिक्षा आधी अशा व्यक्तीकडे मागायची जी नाही म्हणणार नाही, म्हणून आई, मग बहीण, मावशी. सकाळी जिच्या ताटात हक्काने जेवला तिलाच तो आता ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणतो. ब्राह्मण ‘भवति’ आधी म्हणतो, क्षत्रिय मध्ये, वैश्य शेवटी. मिळालेले सगळे आचार्याला सांगून त्याच्यापुढे ठेवायचे; त्याच तांदळाचा भात शिजवून संध्याकाळी अनुप्रवचनीय (सावित्री शिकल्यानंतरचा) होम, पहिली आहुती मेधा म्हणजे बुद्धी देणाऱ्या सदसस्पती देवाला. भिक्षेच्या झोळीत चॉकलेटे आणि पाकिटे पडली तरी हरकत नाही, पण आईने घातलेले मूठभर तांदूळ वेगळे काढा, नाहीतर संध्याकाळी होमाला भंडाऱ्याच्या डब्यातला भात येतो.

त्यानंतर तीन रात्री (किंवा बारा, किंवा वर्षभर) क्षार-लवण नाही, जमिनीवर झोप, आणि मग मेधाजनन: एका मुळाच्या पळसाला किंवा कुशाच्या झुडपाला तीनदा पाणी घालून त्याला ‘सुश्रवः’, चांगले ऐकणारा, अशी हाक मारायची, आणि मलाही तसा कर म्हणायचे. बुद्धी म्हणजे नीट ऐकणे, असा याचा सरळ अर्थ. हल्ली हे त्याच दुपारी कुंडीतल्या फांदीवर होते. तीन दिवस थांबता आले तर थांबा. आचार्याच्या उदरातल्या तीन रात्री त्याच.

सोडमुंज म्हणजे समावर्तन, मुळात बारा वर्षांच्या अध्ययनानंतरचे. मामा अडवून ‘मुलगी देतो, काशीला जाऊ नकोस’ म्हणतो तो प्रसंग त्यातलाच. मुंज लागली पण सुटली नाही अशा अवस्थेत गेलेला मुलगा पिंपळावर मुंजा होऊन राहतो ही समजूत इथूनच आली: धड या जन्मात नाही, धड त्या. पारस्करात मेखला सोडताना ‘उदुत्तमं वरुण पाशम्’ (ऋग्वेद १.२४.१५) म्हणतात. हे सूक्त शुनःशेपाचे. यूपाला तीन ठिकाणी बांधलेल्या मुलाने वरुणाला ‘माझे पाश सोड’ म्हणून केलेली ही प्रार्थना. ज्या मुलाला यूपाच्या मंत्राने उभे केले त्याला यूपावरून सुटलेल्या मुलाच्या मंत्राने मोकळे करतात. सोडमुंज त्याच संध्याकाळी उरकायची असली तरी गाठ कात्रीने कापू नका. भिजवलेली मेखला हाताने सुटते.

मेखला, दंड, जानवे जीर्ण झाले किंवा तुटले की पाण्यात सोडून मंत्राने नवे घ्यावे असे मनू सांगतो. नदीत टाकण्यापेक्षा गवताची मेखला आणि पळसाचा दंड बादलीभर पाण्यात बुडवून झाडाच्या आळ्यात घाला, दोन पावसांत कुजतात. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून आलेले असेल तर ते वेष्टन आधी काढा.